खाऱ्या पाण्यातली जुनी आउटबोर्ड मोटार: देखभाल आणि दुरुस्ती

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. होडीच्या मागे लावलेली आउटबोर्ड मोटार चालू असते तोवर त्याचा फारसा उपद्रव होत नाही, कारण पाणी आत शिरतं, फिरतं आणि बाहेर पडतं. खोडी सुरू होते ती मोटार बंद केल्यावर. गरम ब्लॉकच्या कोपऱ्यांत अडकलेलं पाणी सुकतं, मीठ मागे राहतं आणि पुढच्या फेरीला त्यावर आणखी एक थर चढतो. बाहेरच्या बाजूला हेच मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि स्टीलचा बोल्ट व ॲल्युमिनियम यांच्या मधल्या फटीत मुक्काम ठोकतं.

म्हणून जुनी मोटार टिकवायची तर कामं दोन. आतलं मीठ सुकू द्यायचं नाही. आणि जे जे उघडतं ते वेळोवेळी उघडून, ग्रीस लावून परत बसवायचं. पहिलं काम बरेच जण करतात, दुसरं टाळतात. "चाललंय ना, मग कशाला हात लावा" म्हणत वर्षानुवर्षं न उघडलेली मोटार ज्या दिवशी उघडावीच लागते, त्या दिवशी मूळ दुरुस्ती राहते बाजूला आणि सगळा वेळ तुटलेले बोल्ट काढण्यात जातो.

खालचं बहुतेक सगळं कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक मोटारींना धरून आहे, कारण जुन्या मोटारी बहुतांशी त्याच. फोर-स्ट्रोकला इंजिन ऑईल आणि त्याचा फिल्टर ही कामं जास्तीची. पाण्याचा पंप, गिअर, झिंक (मोटारीच्या धातूऐवजी स्वतः गंजून झिजणारा धातूचा तुकडा), वायरिंग हे सगळं सारखंच. हात घालण्याआधी मॉडेल नंबर बघून त्या मोटारीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. नंबरचा पत्रा सहसा होडीला धरणाऱ्या ब्रॅकेटवर असतो. टॉर्क आणि गॅपचे आकडे त्यातूनच घ्यायचे, शेजाऱ्याच्या मोटारीवरून नाही.

आधी कम्प्रेशन

जुन्या मोटारीवर खर्च करण्याआधी ती खर्चाच्या लायकीची आहे का, ते कम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) सांगतं. मोटार थोडी गरम करून बंद करा. सगळे प्लग काढा, प्लगच्या वायरी ब्लॉकला अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेज लावून काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. गेजागणिक आकडा थोडा बदलतो, त्यामुळे एका आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो 10 टक्क्यांच्या आत असला तर निश्चिंत राहा. एकच सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा सिलिंडर झिजलाय. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर सारखेच कमी असतील तर हेड गास्केट दोघांच्या मधे गेलं असण्याची शक्यता जास्त.

प्लग काढलेच आहेत तर ते नीट बघा. बाकीचे प्लग तपकिरी आणि एकच स्वच्छ धुतल्यासारखा किंवा गंजाचे ठिपके पडलेला असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. अशी मोटार हेड उघडल्याशिवाय चालवू नये.

गोड्या पाण्याने धुणं

प्रत्येक फेरीनंतर, त्याच दिवशी. खालच्या पायावर (पाण्यात बुडणारा, पंखा असलेला भाग) जिथून पाणी आत ओढलं जातं, त्या जाळ्यांवर दोन्ही बाजूंनी फ्लशिंग मफ (पाण्याचा पाइप जोडायच्या रबरी वाट्या) बसवा. पाणी आधी सोडा, मोटार नंतर सुरू करा. बंद करताना मोटार आधी, पाणी नंतर. हा क्रम चुकवून कोरडी मोटार थोडा वेळ जरी चालवली, तरी पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) जळतो. गिअर न्यूट्रलला, वेग आयडलचा, आणि पंख्याजवळ कोणी नको. शक्यतो पंखा काढूनच ठेवा. हे काम उघड्यावर करा. बंद जागेत धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो.

10 ते 15 मिनिटं लागतात. त्याला कारण थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप. मोटार गरम झाल्याशिवाय तो पूर्ण उघडत नाही, आणि तो उघडल्याशिवाय हेडमधलं खारं पाणी पूर्ण बदलत नाही. दोन मिनिटं पाणी मारून समाधान मानणाऱ्यांच्या मोटारी बाहेरून चकाचक आणि आतून मिठाने भरलेल्या असतात. मफ बसत नसतील तर मोठं पिंप वापरा. पाण्याची पातळी पंख्याच्या वर असलेल्या आडव्या पट्टीच्याही वर हवी, आणि मधे एकदा पिंपातलं पाणी बदला. नाहीतर त्याच खारट पाण्याने धुणं होतं.

धुऊन झाल्यावर मोटार सरळ उभी ठेवा, म्हणजे आतलं पाणी आपोआप निथळेल. वरचं कव्हर काढून इंजिनावर पाण्याचा फवारा मारू नका. ओलसर फडकं फिरवा, वाळू द्या आणि गंजरोधक तेलाचा हलका फवारा द्या.

धार बारीक झाली तर

मोटारीच्या मागून पडणारी पाण्याची धार म्हणजे पंप चालू असल्याची खूण. ती बारीक झाली की लगेच पंप खोलू नका. बहुतेक वेळा त्या भोकातच मीठ किंवा किड्याने केलेलं मातीचं घर असतं. मासेमारीच्या जाड नायलॉन दोऱ्याचा तुकडा आत घालून फिरवा. तार घालू नका, ती आतली नळी फाडते. एवढ्याने धार सुधारली नाही तर इम्पेलरकडे वळा.

धार जोरात आहे म्हणून मोटार थंड आहे, असं मात्र नाही. बऱ्याच मोटारींत ही धार पाणी हेडपर्यंत पोचण्याआधीच बाहेर काढलेली असते. वर सगळं बंद असलं तरी ती झकास पडते. हेडचं तापमान अधूनमधून इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. ते 90 अंश सेल्सिअसच्या पुढे जात असेल तर मोटार लगेच बंद करा.

इम्पेलर बदलणं

वाळूच्या उथळ पाण्यात चालणाऱ्या मोटारीचा इम्पेलर दरवर्षी बदला, बाकीच्यांचा दोन वर्षांनी. तो चांगला दिसला तरी बदला, कारण त्या निमित्ताने खालचा पाय सुटतो आणि त्याचे बोल्ट मोकळे राहतात. माझ्या मते या कामाचा निम्मा फायदा तोच.

प्लगच्या वायरी काढून ठेवा. गिअर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीत घ्या. गिअरची कांडी कुठे सुटते ते आधी शोधा: काही मोटारींत ती कार्ब्युरेटरखाली असते, काहींत पायावरच्या छोट्या झाकणाआड, तर काहींत पाय उतरवला की आपोआप सुटते. मग पायाचे बोल्ट. सगळे काढल्यासारखे वाटले आणि तरी पाय हलत नसेल, तर पंख्याच्या वर बसवलेल्या छोट्या फिनखाली एक लपलेला बोल्ट असतो. फिन काढण्याआधी तिच्या कोनाची खूण करून ठेवा, नाहीतर नंतर सुकाणू एका बाजूला ओढतं. पाय सुटत नसला तर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी सारख्या ठोका. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटलं की जोडाचा पृष्ठभाग खराब होतो आणि रंग उडतो. पुढचा गंज तिथूनच सुरू होतो.

पाय हातात आला की उभ्या शाफ्टवर पंपाचं घर दिसतं. चार बोल्ट काढा, घर वर सरकवा. इम्पेलर शाफ्टवरून निघताना त्याची छोटी चावी सुटून पडते, म्हणून खाली फडकं पसरून ठेवा. जुना इम्पेलर हातात घेऊन बघा. पाती एकाच बाजूला वाकून तशीच राहिली असतील, बोटाने दाबल्यावर परत सरळ होत नसतील, पात्यांच्या मुळाशी केसासारख्या भेगा असतील, तर तो संपलाय. एखादं पातं तुटलेलं असेल तर नवा इम्पेलर घालून काम संपत नाही. तो रबराचा तुकडा वर पाण्याच्या वाटेत कुठेतरी बसलाय. थर्मोस्टॅट काढून वरून खाली उलट्या दिशेने पाणी सोडा आणि तुकडा मिळेपर्यंत शोधा. पंपाच्या घरातल्या स्टीलच्या अस्तरावर आणि खालच्या पट्टीवर नख फिरवा. नख अडकेल एवढी रेघ पडली असेल तर तेही बदला; नुसत्या नव्या इम्पेलरने दाब येणार नाही.

जोडताना जुनं गास्केट पूर्ण खरवडून काढा. घराच्या आत साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा. चावी बसवा, इम्पेलर सरकवा आणि घर खाली दाबताना शाफ्ट मोटारीच्या फिरण्याच्या दिशेने फिरवत राहा. वरून बघताना ही दिशा बहुतेक मोटारींत घड्याळाच्या काट्यांची असते. पाती त्याने योग्य बाजूला वाकतात. शाफ्टच्या वरच्या टोकाच्या दात्यांना बाजूंनी ग्रीस लावा, पण माथ्यावरचं ग्रीस पुसून टाका. तिथे ते दाबून बसलं तर शाफ्ट पूर्ण वर जात नाही. पाय वर चढवताना पाण्याची नळी तिच्या रबरी बुचात बसली का, ते बघा. दाते जुळत नसतील तर फ्लायव्हील किंचित फिरवा. दोन्ही जोड हाताने टेकले पाहिजेत. राहिलेली फट बोल्ट आवळून बुजवायला गेलात तर काहीतरी तुटतंच. शेवटी गिअर पुढे, न्यूट्रल, मागे टाकून बघा. न्यूट्रलला पंखा हाताने मोकळा फिरायला हवा.

अडकलेले बोल्ट

खाऱ्या पाण्यातल्या जुन्या मोटारीची खरी दुरुस्ती हीच. स्टील आणि ॲल्युमिनियम मिठाच्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम गंजतं, त्याची पांढरी भुकटी आट्यांत फुगते आणि बोल्टला आवळून धरते. अशा वेळी लांब पाइप लावून जोर करणं म्हणजे बोल्टचं डोकं हातात घेणं.

आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, बेताचे ठोके द्या. मग आधी किंचित आवळण्याच्या दिशेने पाना लावा, नंतर सोडण्याच्या. तरी हलला नाही तर उष्णता द्या. बोल्टला नाही, त्याच्या भोवतालच्या ॲल्युमिनियमला. ते स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि भोक सैल होतं. हीट गन पुरेशी असते. ज्योत वापरायची तर टाकी, पाइप, पेट्रोलचं फडकं लांब ठेवा आणि आधी मारलेलं तेल पुसून घ्या, तेही पेटतं.

पाना धरलेल्या हाताला दोन गोष्टी वेगवेगळ्या कळतात. बोल्ट "कर्र" आवाज करून थोडा सरकला तर सुटतोय. पण पाना फिरतोय आणि सोडला की मागे येतोय, असं स्प्रिंगसारखं वाटलं तर आटे हललेलेच नाहीत, बोल्टचा दांडा पिळला जातोय. तिथे थांबा. पुन्हा तेल, पुन्हा उष्णता. सरकायला लागल्यावरही एका दमात काढू नका. पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, तेल टाका, पुन्हा सोडा.

तुटलाच आणि टोक बाहेर असेल, तर त्यावर नट ठेवून वेल्डिंग करून घेणं सगळ्यांत बरं. वेल्डिंगच्या उष्णतेनेच तो अर्धा सुटतो. टोक आतच राहिलं तर बरोबर मधोमध पंच मारून डाव्या आट्यांचं ड्रिल वापरा. एक्स्ट्रॅक्टरवर (तुटलेल्या बोल्टमध्ये घुसवून तो बाहेर काढायचं हत्यार) माझा फारसा भरवसा नाही. तो आत तुटला तर त्याच्या कडक पोलादात साधं ड्रिल शिरत नाही. आटे मेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घाला. नीट बसवलेलं हेलिकॉइल मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा भक्कम असतं.

परत बसवताना आटे साफ करून मरीन ग्रीस किंवा लॅनोलिन लावा. ग्रॅफाइट किंवा तांब्याची अँटी-सीझ पेस्ट खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमवर नको. ती गंज थांबवण्याऐवजी वाढवते. ग्रीस लावलेल्या आट्यांवर कोरड्या आट्यांचा पूर्ण टॉर्क दिला तर बोल्ट जास्त ताणला जातो, हेही ध्यानात असू द्या.

थर्मोस्टॅट आणि हेड

थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट बारीक असतात आणि सगळ्यांत आधी तेच तुटतात, म्हणून वरची सगळी पथ्यं इथे पाळा. झाकण निघालं की आतली वाट बघा. न धुतलेल्या मोटारीत ती वाळलेल्या चुन्यासारख्या पांढऱ्या थराने निम्मी बुजलेली असते. थर्मोस्टॅट भांड्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवत थर्मामीटर बघा. बऱ्याच मोटारींत तो 60 अंशांच्या आसपास उघडायला लागतो. उघडला नाही किंवा थंड झाल्यावर पूर्ण मिटला नाही तर नवा घाला. काढून टाकून तसंच चालवायचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने मोटार थंड राहून पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळे पडतात आणि आयडल बिघडतो.

मिठाचा थर लाकडी काडीने खरवडा, उरलेल्यावर कोमट व्हिनेगर टाका आणि फेस थांबला की भरपूर पाण्याने धुवा. हायड्रोक्लोरिक ॲसिड अजिबात नको, ते थराबरोबर ॲल्युमिनियमही खातं. हेड काढलं असेल तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर हेड आठच्या आकड्यात फिरवा. न घासला गेलेला भाग दिसला की कुठे खोलगट झालंय ते कळतं. गास्केट नवंच हवं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत आवळा.

गिअर ऑईल

खालचा स्क्रू आधी काढा, मग वरचा. वरचा सुटला की तेल धडाधड येतं. काही जुन्या मोटारींत खालच्या स्क्रूशेजारी एक चौफुलीचा स्क्रू असतो. तो आतल्या गिअरच्या यंत्रणेला धरून असतो, त्याला हात लावू नका. तेल पांढरट, दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. बहुतेक वेळा दोष पंख्याच्या शाफ्टवरच्या सीलचा, आणि सील कापणारा गुन्हेगार म्हणजे गुंडाळलेला नायलॉनचा दोरा. पंखा काढून बघितल्याशिवाय तो दिसत नाही. स्क्रूच्या चुंबकावर राखाडी लगदा असणं साहजिक आहे, बोटाला टोचणारे तुकडे असणं नाही.

नवं तेल खालच्या भोकातून पंपाने भरा, वरून बुडबुड्यांशिवाय वाहू लागेपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. दोन्हीचे वायसर नवे. मोटार महिनोन्महिने उभी राहणार असेल तर ती ठेवून देण्याआधी तेल बदला. पाणी शिरलेलं असेल तर त्यात बेअरिंग तेवढे महिने गंजत बसतात.

झिंक आणि रंग

झिंक निम्मं झिजलं की बदला. खाऱ्या पाण्यात जस्ताचं किंवा ॲल्युमिनियम मिश्रधातूचं चालतं. मॅग्नेशियमचं गोड्या पाण्यासाठी, समुद्रात ते झपाट्याने संपतं. त्यावर रंग चढवू नका. वर्षभर अजिबात न झिजलेलं झिंक बघून खूश होऊ नका. त्याचा मोटारीशी विजेचा संपर्कच नसेल. मल्टिमीटरने झिंक आणि पायाच्या उघड्या धातूमधला रोध मोजा, तो जवळजवळ शून्य हवा. नसेल तर बसण्याची जागा चकचकीत घासा. पायावर शेवाळरोधक रंग लावायचा तर तांबं असलेला नको. होडीच्या तळाचा उरलेला रंग मोटारीला फासण्याची सवय इथे महागात पडते.

ग्रीसच्या निपलमध्ये नवं, स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा. होडीला धरणारे स्क्रू, सुकाणूची नळी आणि पंख्याचा शाफ्ट यांनाही विसरू नका.

पेट्रोल आणि ठिणगी

बऱ्याच टू-स्ट्रोक मोटारींना 50:1 मिश्रण चालतं, म्हणजे 10 लिटर पेट्रोलला 200 मिली तेल. खूप जुन्यांना 25:1 लागतं. तेलाच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं हवं. दुचाकीचं 2टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, इथे नको. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी शोषतं आणि जुने रबरी पाइप खराब करतं, म्हणून पाइप त्याला टिकणारे घ्या.

मोटार काही मिनिटं चालून बंद पडत असेल तर आधी टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक उघडं आहे का बघा. मोटार मरायला लागताच पेट्रोलच्या पाइपवरचा रबरी फुगा दाबत राहिल्यावर ती चालत असेल, तर पेट्रोलच्या पंपाच्या पडद्याला भोक पडलंय. फुगा कधी कडक होतच नसेल तर कुठेतरी हवा ओढतोय. कार्ब्युरेटर साफ करताना जेटमध्ये तार घालू नका. नायलॉनचा केस आणि क्लीनर पुरतो. मोटार बराच काळ ठेवायची असेल तर बाउलच्या स्क्रूमधून पेट्रोल काढून टाका.

ठिणगी मोजायला गॅपचा टेस्टर वापरा. ठिणगीच नसेल तर पहिल्यांदा बंद करायच्या बटणाची वायर सोडून बघा. बटणात मीठ साचून ते कायम अर्थ होतं, आणि लोक कॉइल बदलत बसतात. त्यानंतर अर्थच्या वायरींची टोकं घासा. वायर सोलल्यावर आत तांबं काळं दिसलं तर चकाकणारं तांबं येईपर्यंत मागे कापा. नवी वायर कथिलाचा मुलामा दिलेली घ्या आणि जोडावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी घाला. फ्लायव्हील काढावं लागलं तर पुलर मधल्या भोकांत लावा, कडेला नाही. त्याखालची चावी अर्धवट कातरली गेली असेल तर टायमिंग चुकतं आणि मोटार दोरीला उलटा झटका देते.

मोटार समुद्रात पडली तर

बाहेर काढल्यावर हवा लागताच गंज वेगाने सुरू होतो. म्हणून लगेच उघडता येणार नसेल तर ती गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवणं बरं. चालू असताना पडली असेल तर जोराने फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, किंवा आधीच वाकलेला असतो. प्लग काढून फ्लायव्हील हाताने हळू फिरवा, अडखळलं तर थांबा.

मोकळं फिरत असेल तर सगळी मोटार गोड्या पाण्याने धुवा, प्लगची भोकं खाली करून पाणी काढा, सिलिंडरांत आणि कार्ब्युरेटरमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा, मग टू-स्ट्रोक तेल टाकून पुन्हा फिरवा. कार्ब्युरेटर, टाकी, पाइप रिकामे करून ताजं मिश्रण भरा. हे सगळं दोन-तीन तासांत उरकून मोटार सुरू करा आणि पाण्याखाली पाय ठेवून कमी वेगात अर्धा तास चालू द्या, म्हणजे बेअरिंगमधला ओलावा उष्णतेने निघून जाईल. सुरू झाली नाही तर पुन्हा तेल टाकून फिरवा आणि त्याच दिवशी फिटरकडे न्या. सुरू झाली तरी इलेक्ट्रिक स्टार्टर असेल तर तो उघडून सुकवा, आणि गिअर ऑईल एकदा काढून त्यात पाणी आहे का बघा.